पावसाळाभर उतरवून ठेवायचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स

तू विचारलंस ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे इतरांनाही उत्तर उपयोगी पडेल. बाबांची जुनी सेडान, पुढची चाकं ओढणारी, चार गियरची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. इंजिन बोअरिंगला गेलंय, पिस्टन-रिंगचा सेट यायचाय, आणि तू कामासाठी पुण्याला निघालास तो दिवाळीलाच परत येणार. गियरबॉक्स काढताना ठणठणीत होता, गियर टाकताना झटका नव्हता, ऑईललाही जळका वास नव्हता. आता तो बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराच्या पडवीत फरशीवर बसलाय, वर गोणपाट टाकलंय. जून ते दिवाळी असाच ठेवला तर चालेल का, असं तुझं विचारणं.

असा ठेवलास तर नाही चालणार. मात्र एका रविवारचं काम केलंस तर दिवाळीला आज आहे तसाच मिळेल. मी अठ्ठावीस वर्षं ऑटोमॅटिक बॉक्स उघडतोय, आधी कलाभवनजवळच्या एका गॅरेजात, नंतर मकरपुरा जीआयडीसीत स्वतःच्या शेडमध्ये. नुसता पडून राहून बिघडलेला बॉक्स मी पाहिलेला नाही. पडून असताना आत ओल शिरल्यामुळे बिघडलेले खूप पाहिले. आणि उचलता-ठेवताना कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑईलमधून बॉक्सकडे नेणारा जड डबा, पुढे सरकल्यामुळे मोडलेले त्याहून जास्त पाहिले. या दोन गोष्टी सांभाळायच्या, बाकीचं सगळं त्यांच्यासाठीच आहे.

आधी ओल. ऑटोमॅटिकच्या आत ज्या क्लच प्लेटा असतात, त्यांच्यावरचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं. सेल्युलोजचे तंतू, सोबत काही कृत्रिम तंतू, हे सगळं रेझिनमध्ये भिजवून पोलादी प्लेटवर चिकटवलेलं. तेलात ते वर्षानुवर्षं राहतं, गरम होतं, घासतं, तरी टिकतं. पाणी लागलं की मात्र तंतू फुगतात, अस्तराचं बळ जातं आणि ते प्लेटवरून सुटायला लागतं.

काही वर्षांपूर्वी कारेलीबागेतून एक बॉक्स आला होता. शेडखाली ठेवलेला, त्याच्यावर पाण्याचा थेंब पडलेला नव्हता. फक्त चाकांकडे जाणाऱ्या ड्राईव्हशाफ्टची दोन्ही भोकं उघडी आणि ऑईल कूलरच्या नळ्यांची तोंडंही उघडी, अख्खा पावसाळा. चेंबर, म्हणजे बॉक्सखालचं ऑईलचं तबक, उघडला तेव्हा तळाशी लाल ऑईलच्या जागी गुलाबी, दुधाळ असा थर होता. पहिला ड्रम उघडून प्लेटा हातात घेतल्या. मधल्या साध्या पोलादी प्लेटांवर तपकिरी कडी उमटली होती, जिथपर्यंत अस्तर टेकलं होतं बरोबर तेवढीच. अस्तराच्या कडेला नख लावलं तर ते भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं उचललं गेलं. मालक शेजारी उभे होते, त्यांनी विचारलं, पुसून परत बसवता येतील का? नाही येत. तो सगळा संच बदलावा लागला, आणि व्हाल्व्ह बॉडीतल्या दोन व्हाल्व्ह अडकल्या होत्या त्या वेगळ्या. व्हाल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑईलच्या दाबानं गियर बदलणाऱ्या भागात, पोलादाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक दांड्या ॲल्युमिनियमच्या भोकात सरकत असतात, फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी. तिथे गंजाचा एक कणही पुरतो.

एवढी ओल आत गेली कशी, हे समजून घे, म्हणजे काय बंद करायचं ते आपोआप कळेल. बॉक्सवर एक ब्रीदर असतो, आतला दाब बाहेर जाण्यासाठी. दिवसा धातू तापतो, आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री थंड होतो तेव्हा बाहेरची हवा आत ओढतो. पुष्कळ जण ब्रीदरलाच दोष देतात. हिशोब करून बघ. बॉक्समध्ये मोकळी हवा धर 10 लिटर. तापमान 10 अंशांनी खालीवर झालं तर तिच्यातली सुमारे 3 टक्के, म्हणजे 0.3 लिटर हवा बदलते. 30 अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे साधारण 30 ग्रॅम वाफ असते, म्हणजे त्या 0.3 लिटरमध्ये 0.01 ग्रॅम. दीडशे रात्री तसंच झालं आणि प्रत्येक वेळी सगळी वाफ आतच राहिली, तरी दीड ग्रॅम. हेही नको, पण बॉक्स यानं मरत नाही. ड्राईव्हशाफ्टच्या चार-पाच सेंटिमीटर रुंद भोकांतून मात्र हवा मोकळेपणानं येत-जात राहते. पहाटे गार झालेल्या धातूला ती लागली की आतून घाम फुटतो, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून फुटतो तसा. म्हणून मोठी भोकं आधी बंद कर, ब्रीदरचा विचार नंतर.

बंद करायला चिंधी वापरायची नाही. हे मी माझ्या चुकीवरून सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका बॉक्सच्या कूलरच्या परतीच्या तोंडात मी कापडाचा बोळा घातला, नीट आत दाबून, धूळ जाऊ नये म्हणून. तीन महिन्यांनी बसवताना बोळा बाहेरून दिसेना, आणि काढायचं राहून गेलं. नळी जोडली, गाडी चालू केली, पहिले दोन दिवस सगळं ठीक. कूलरमधून परत येणारं ऑईल बऱ्याच बॉक्समध्ये सरळ बेअरिंग आणि प्लॅनेटरी गियरना तेल पाजायला जातं. ते अडलं होतं. आठवड्यात गाडी ओरडायला लागली, उघडलं तेव्हा प्लॅनेटरीच्या पिनी निळ्या पडल्या होत्या. ग्राहकाला सगळं खरं सांगितलं, खर्च मी केला, आणि तेव्हापासून माझ्या शेडमध्ये कोणत्याही भोकात कापड जात नाही. शिवाय कापडाचे धागे आत जातात ते निराळंच.

तू असं कर. रावपुऱ्यात हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकच्या टोप्या आणि रबरी बूच मिळतात. ड्राईव्हशाफ्टच्या भोकांना मापाचं, बाहेर रुंद कडा असलेलं बूच हवं, म्हणजे ते आत गायब होणार नाही. आतलं टोक ऑईल सीलच्या ओठाला ओरबाडणारं नको, बसवताना ओठाला थोडं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं ऑईल, लाव. या बुचाचा आणखी एक फायदा आहे. काही बॉक्समध्ये दोन्ही शाफ्ट बाहेर असताना डिफरन्शियलच्या आतले बाजूचे गियर जागचे हलतात, आणि मग शाफ्ट घालताना दाते जुळत नाहीत. बूच लांब असेल तर गियर जागेवर राहतात. जुन्या ड्राईव्हशाफ्टचा कापलेला तुकडा मिळाला तर त्याहून चांगलं, भंगारवाल्याकडे विचार.

कूलरच्या दोन्ही तोंडांना आट्यांचे प्लग किंवा रंगीत टोप्या लाव, लाल नाहीतर पिवळ्या, लांबून दिसतील अशा. डिपस्टिकची नळी काढली असेल तर ते भोक आठवणीनं बंद कर, कारण ते वरच्या बाजूला असतं आणि तिथून पालीपासून मातीपर्यंत काहीही आत पडतं. स्पीड सेन्सर काढला असेल तर परत लावून ठेव. वायरच्या मोठ्या कनेक्टरवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवायचं आणि प्लास्टिकची पिशवी रबर बँडने बांधायची. ग्रीस भरायचं नाही, ते नंतर पिनांमधून निघत नाही.

ब्रीदर मी पूर्ण बंद करत नाही. बंद केला आणि तसाच गाडीवर चढला, तर बॉक्स गरम झाल्यावर आतला दाब सील फोडून बाहेर येतो. मी त्याच्यावर वीतभर रबरी नळी घालतो आणि तिचं दुसरं टोक सिलिका जेलच्या छोट्या बाटलीत सोडतो, झाकणाला नळीपुरतं भोक पाडून. हवा आत जाईल ती कोरडी होऊन. दीड ग्रॅमसाठी एवढं कशाला, असं वाटेल, पण पाच मिनिटांचं काम आहे आणि मला त्यानं झोप लागते.

हे सगळं करायच्या आधी बॉक्स बाहेरून साफ कर. ब्रशने आणि रॉकेल किंवा डिझेलने, मग कापडाने कोरडा. गाडी धुण्याचा प्रेशर पंप त्याच्यावर मारू नकोस. माल साफ दिसावा म्हणून लोक मारतात, आणि ब्रीदरमधून, सीलच्या ओठावरून, गियर पोझिशनच्या स्विचमधून पाणी आत घालतात. माझ्याकडे धुऊन आणलेला बॉक्स आला की मी आधी त्याचा चेंबर उघडतो.

आता ऑईल. शाफ्ट काढण्यापूर्वी तुझ्या मेकॅनिकने खालचा बोल्ट काढून तीन-चार लिटर उतरवलं असेल. सगळं कधीच उतरत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये आणि खाचाखोचांत राहतं. मी भरलेला ठेवणं पसंत करतो. जेवढं उतरवलं तेवढं नवं, त्याच जातीचं, नेहमीच्या पातळीपर्यंत. नवं का, तर जुन्यात प्लेटांची बारीक भुकटी असते, ती महिनोन्‌महिने हलली नाही की व्हाल्व्ह बॉडीच्या कोपऱ्यात बसते. जात मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेलीच. टोयोटाच्याच जुन्या बॉक्सना टी-फोर लागतं, नंतरच्यांना डब्ल्यूएस. दोन्ही लालच दिसतात, म्हणून रंगावरून काही ठरवू नकोस. काही जुन्या बॉक्समध्ये डिफरन्शियलचं ऑईल वेगळं असतं, तेही बघ.

काही जण सांगतात, ठेवताना गळ्यापर्यंत भर म्हणजे सगळे भाग बुडतील. मागच्या चाकांच्या लांबट बॉक्सचं मी समजू शकतो, तुझ्या बॉक्सचं नाही. गाडी बंद असताना कन्व्हर्टरमधलं ऑईल दिवसेंदिवस हळूहळू चेंबरमध्ये उतरत असतं आणि आतली पातळी मुळातच चढते. त्यात तू वरून भरलंस तर ते शाफ्टच्या बुचातून नाहीतर पंपाच्या सीलमधून फरशीवर येईल. नेहमीची पातळी पुरे. वरच्या भागांना जे तेल चिकटलेलं असतं ते बंद बॉक्समध्ये पाच-सहा महिने राखण करतं.

एक अपवाद. ऑईल उतरवलं तेव्हा ते जराही दुधाळ किंवा स्ट्रॉबेरीच्या रंगाचं होतं, तर यातलं काही करू नकोस. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट मिसळलं की असं होतं. तो बॉक्स ठेवायचा नसतो, त्याच आठवड्यात उघडायचा असतो, कारण प्लेटांची अस्तरं भिजलेलीच आहेत आणि दिवाळीपर्यंत त्यातली एकही राहणार नाही. तुझ्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, तरी ज्याने उतरवलं त्याला फोन करून विचार.

कन्व्हर्टरकडे येतो. बेल हाऊसिंग म्हणजे बॉक्सचा इंजिनला लागणारा घंटेसारखा रुंद भाग, त्याच्या तोंडात जो गोल, जड डबा दिसतो तो कन्व्हर्टर. बॉक्सला तो बोल्टने कुठे धरलेला नसतो, नुसता शाफ्टांवर सरकवलेला असतो. आत तीन ठिकाणी तो बसतो. टर्बाईनचे दाते इनपुट शाफ्टवर, स्टेटरचे दाते पंपाच्या नळीवर आणि त्याच्या मानेवरच्या खाचा पंपाच्या गियरमध्ये. गाडीत असताना इंजिनची ड्राईव्ह प्लेट त्याला मागे धरून ठेवते. बाहेर काढल्यावर धरणारं कोणी नाही. बॉक्स पुढे कलला, दोघांनी उचलताना एकाचा हात जरा खाली गेला, की तो सरकतो. पूर्ण निघाला तर ऑईलचा लोंढा आणि पायावर आठ-दहा किलोचा डबा. त्याहून वाईट म्हणजे तो दोन सेंटिमीटर सरकून थांबतो आणि कुणाला कळत नाही. मग बसवताना बॉक्स इंजिनला लागत नाही, कारागीर बेल हाऊसिंगचे बोल्ट आळीपाळीने आवळून ओढून घेतो, आणि पंपाच्या गियरचे कान तुटतात. चावी फिरवायच्या आधीच बॉक्स गेलेला असतो.

म्हणून आजच, उचलण्यापूर्वी, बेल हाऊसिंगवर आडवी लोखंडी पट्टी मार. बेल हाऊसिंगच्या समोरासमोरच्या दोन भोकांत बोल्ट, आणि पट्टी कन्व्हर्टरच्या पुढ्यात असेल अशी. दाबून आवळायचं नाही, तो पुढे येऊ नये एवढंच. पट्टी मारण्यापूर्वी कन्व्हर्टर पूर्ण आत आहे ना, ते पाहा. दोन्ही हातांनी त्याला हळू आत दाबत फिरवायचं. नीट बसलेला नसेल तर "ठक" आवाज करून तो आत जातो, कधी एकदा, कधी दोनदा, सगळा बाहेर आला असेल तर तीनदा. मग बेल हाऊसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेव आणि व्हर्नियरने तिच्यापासून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या जागेपर्यंतची खोली मोज. तो आकडा पेंट मार्करने बेल हाऊसिंगवरच लिही. दिवाळीला बसवताना तोच आकडा आला पाहिजे. चिठ्ठीवर लिहू नकोस, चिठ्ठ्या हरवतात.

बॉक्स चेंबरवर बसलाय असं तू लिहिलंस, ते आधी बदल. चेंबर म्हणजे पातळ पत्रा, काही नव्या गाड्यांत तर प्लास्टिक. सत्तर-ऐंशी किलोचा भार त्याच्यावर राहिला तर पत्रा आत जातो आणि फिल्टरचं तोंड तळाला टेकतं. मग पंपाला ऑईलच मिळत नाही आणि कारण कुणाला सापडत नाही. बॉक्स गाडीत जसा बसतो त्याच बाजूने ठेवायचा, चेंबर खाली, पण वजन कास्टिंगवर. सुताराकडून दोन जाड फळ्या बॉक्सच्या आकाराला अर्धगोल कापून घे आणि एका लाकडी पॅलेटवर उभ्या ठोक. एक फळी बेल हाऊसिंगखाली, एक मागच्या टोकाखाली, चेंबर अधांतरी दोन बोटं वर. टायरवर ठेवायची पद्धत आहे, ती चार दिवसांना ठीक. उचलताना चेन-कप्पी कास्टिंगच्या कानांना लाव, कूलरच्या नळीला किंवा वायरिंगला कधीही नाही.

जागा. पडवी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या घराच्या चुन्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात आणि फरशी रात्रभर गार राहते. आणि बडोद्यात राहून तळमजल्यावर काही ठेवताना पुराचा विचार केलाच पाहिजे. 31 जुलै 2019 ला एका दिवसात जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस पडला. 2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी अशी चढली की शहराचा मोठा भाग दिवसेंदिवस पाण्यात होता. त्या सप्टेंबरात माझ्या शेडमध्ये ओळीनं बुडालेले बॉक्स आले होते, त्यातले काही चालू गाडीतले आणि काही असेच कुणाच्या तरी पार्किंगमध्ये ठेवलेले. गाळाचं पाणी आत गेलेला बॉक्स दोन दिवसांत उघडला तर काही वाचतं, दोन आठवड्यांनी उघडला तर केसिंग वाचतं. तुझ्या घराला पहिला मजला आहे, चार माणसं आणि एक फळी लावून बॉक्स वर जाईल. जिन्यावरून नेताना कन्व्हर्टरची बाजू वरच्या दिशेला ठेवा. वर नेणं शक्यच नसेल तर कंबरेइतक्या उंचीच्या मजबूत लोखंडी टेबलावर ठेव आणि टेबल भिंतीपासून वीतभर लांब.

वरच्या खोलीत वर्षाचा गहू भरून ठेवलाय का? बहुतेक घरांत असतो. कोठीच्या खोलीत बॉक्स नको. धान्यामागे उंदीर येतात आणि वायरिंगचं इन्सुलेशन कुरतडतात. बॉक्सची आतली वायर तेलात असते, बाहेरची उघडी असते. सोलेनॉईडची, म्हणजे गियर बदलणाऱ्या विजेच्या व्हाल्व्हची, एक वायर तुटली की गाडी एकाच गियरमध्ये अडकते, आणि मग लोक बॉक्स खराब झाला असं समजतात.

पॅकिंग कसं, तर आधी कोरडं, मग बंद. व्हीसीआयची पिशवी मिळते, गंजरोधक वाफ सोडणारी. मकरपुऱ्यातले बेअरिंगवाले, मशीनचे भाग बनवणारे त्यातच माल पाठवतात, ओळखीनं एखादी मोठी पिशवी मिळून जाते. बॉक्स त्यात घाल, सोबत अर्धा किलो निळं सिलिका जेल विरळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून. कोरड्या दिवशी, दुपारी बंद कर, पाऊस चालू असताना नाही. तोंड वळवून चिकटपट्टी लाव. साधं प्लास्टिक घट्ट गुंडाळणं मला पटत नाही. आत जी दमट हवा अडकते ती जाणार कुठे, ती प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंब होऊन बसते. व्हीसीआय मिळाली नाही तर बाहेरच्या लोखंडी भागांना, म्हणजे कन्व्हर्टरपुढची पट्टी, बोल्टची भोकं, डोवेल पिना, यांना ब्रशने पातळ ग्रीस लाव आणि वरून सुती चादर टाक. गोणपाट नको, ते ओल शोषून धरून ठेवतं.

आईला फक्त दोन कामं सांग. महिन्यातून एकदा, पिशवी न उघडता बाहेरूनच, पुरचुंडीतल्या जेलचा रंग बघायचा. निळं जेल गुलाबी झालं की ते भरलं. स्वयंपाकाला न लागणाऱ्या तव्यावर मंद आचेवर किंवा तशाच ओव्हनमध्ये 110–120 अंशांना तासभर ठेवलं की परत निळं होतं, पण हे निळं जेल विषारी रंगाचं असतं, स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये. त्यापेक्षा नवी पुरचुंडीच आणून ठेव. आणि खाली लाल डाग पडलाय का ते बघायचं. रुपयाएवढा डाग असेल तर चालेल, रोज वाढत असेल तर मला फोन करायचा.

महिन्यातून एकदा शाफ्ट फिरवायचा का, असं बरेच जण विचारतात. वर्ष-दोन वर्षं ठेवायचा असेल तर मी फिरवतो. पाच महिन्यांना नाही. चाकांच्या बाजूनं हातानं फिरवून पंप फिरत नाही, ऑईल वर चढत नाही, उलट प्लेटांवर जो थर बसलाय तो पुसला जातो. त्यासाठी पिशवी दर महिन्याला उघडायची म्हणजे दर महिन्याला नवी दमट हवा आत.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरच्या बॉक्सबद्दल झालं. मारुतीच्या एजीएससारखी एएमटी, म्हणजे क्लच आणि गियर आपोआप हलवणारी, असेल तर आतला बॉक्स मॅन्युअलच आहे. तिथे कन्व्हर्टर नाही, जपायची ती कोरडी क्लच प्लेट आणि वर बसवलेला ॲक्च्युएटर. कोरड्या क्लचची डीएसजी (फोक्सवॅगन-स्कोडाची दोन क्लचवाली) असेल तर मेकॅट्रॉनिक युनिटसकट, म्हणजे गियर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागासकट, बॉक्स एका कुशीवर अजिबात आडवा करायचा नाही. पट्टा-पुलीवर चालणाऱ्या सीव्हीटीला सहसा साधं एटीएफ नाही, तिचं स्वतःचं ऑईल.

गाडीकडेही बघ, कारण बॉक्स गेल्यावर गाडीचं "पार्क"ही गेलंय. पार्कचा खटका बॉक्सच्या आत असतो. ती आता फक्त हँडब्रेकवर उभी आहे, आणि पावसाळाभर ओढलेला हँडब्रेक ड्रमला चिकटतो. दोन्ही मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर मार आणि हँडब्रेक सोडून दे. ड्राईव्हशाफ्ट चाकाच्या बाजूनंही पूर्ण काढले असतील तर गाडी ढकलू नकोस. चाकाचं बेअरिंग शाफ्टच्या टोकाच्या नटने आवळलेलं असतं, ते नसताना चाकांवर वजन देऊन फिरवलं तर बेअरिंग खराब होतं. ढकलायचीच असेल तर बाहेरच्या जॉइंटचं टोक घालून नट आवळून घे. कूलरच्या गाडीकडच्या नळ्यांना टोप्या लाव आणि बॅटरी सोडव.

बोल्टांचं एक सांगतो. बेल हाऊसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, कन्व्हर्टरचे आखूड आणि खास. लांब बोल्ट चुकून कन्व्हर्टरला लागला तर त्याचा पत्रा आतल्या बाजूला फुगतो. पुठ्ठ्यावर बेल हाऊसिंगचं चित्र काढ आणि जो बोल्ट जिथला तिथे टोचून ठेव. पुठ्ठा बॉक्ससोबत राहू दे, पण पिशवीबाहेर.

दिवाळीला आलास की बसवण्याआधी टोप्या मोज. किती लावल्या ते आजच बेल हाऊसिंगवर लिहून ठेव, कन्व्हर्टरच्या आकड्याशेजारी. सगळ्या हातात आल्याशिवाय बॉक्स जॅकवर चढवायचा नाही. शाफ्टची दोन्ही सीलं आणि पंपाचं पुढचं सील नवीनच घाल, बॉक्स खाली असताना अर्ध्या तासाचं काम, नंतर गळालं तर सगळं परत उतरवावं लागतं. रेडिएटरचा कूलर ऑईलनेच धुऊन काढ. बॉक्स इंजिनला हातानंच टेकला पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, आणि ड्राईव्ह प्लेट व त्याच्यामध्ये दोन-चार मिलिमीटर फट दिसली पाहिजे, जी कन्व्हर्टरचे बोल्ट आवळताना भरते. फट नसेल आणि कन्व्हर्टर अडकलेला वाटला, तर बोल्टला पाना लावायचा नाही. बॉक्स मागे घ्यायचा, परत "ठक" ऐकायचं.

चालू केल्यावर ब्रेक दाबून प्रत्येक गियरमध्ये चार-पाच सेकंद थांब, पी पासून एल पर्यंत आणि परत. पहिल्या मिनिटातच पातळी खाली जाईल, कारण रिकामा झालेला कन्व्हर्टर भरतोय, म्हणून लिटरभर ऑईल हाताशी ठेव. मग पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आण, समा भागाकडच्या मोकळ्या रस्त्याला जा. बहुतेक डिपस्टिकवाल्या बॉक्समध्ये "हॉट"ची खूण 70–80 अंशांच्या ऑईलसाठी असते. गार असताना तिथपर्यंत भरलंस तर गरम झाल्यावर जास्त होतं, फेस येतो आणि गियर घसरायला लागतात. सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, पी मध्ये बघ. काडी पांढऱ्या कागदावर पुस. लाल आणि स्वच्छ असेल तर घरी जा. ढगाळ दिसलं तर तिथेच बंद करून मला बोलाव, मी टोइंग घेऊन येतो.